सिबिल अहवालात ‘सेटल्ड’ शेरा असताना क्रेडिट कार्ड मिळू शकते का?

प्रश्न : सातपूरचा फिटर, नाशिक

नमस्कार. मी सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात फिटर म्हणून काम करतो आणि माझा हाती येणारा पगार सध्या ३४ हजार रुपये आहे. २०१८ मध्ये मी एका खासगी बँकेचे क्रेडिट कार्ड घेतले होते आणि मार्च २०२० पर्यंत त्याचे एकही बिल थकवले नव्हते. टाळेबंदीत कारखाना बंद पडला, पगार थांबला आणि रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेली हप्ता-स्थगितीची सवलत मी घेतली. त्या काळात व्याज चालूच राहते हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. ऑगस्ट २०२० अखेर स्थगिती संपली तेव्हा ३१ हजारांची बाकी जवळपास ३९ हजारांवर गेली होती, आणि जुलै २०२१ पर्यंत व्याज व विलंब शुल्क धरून ती ६४ हजार झाली. वसुलीचे फोन माझ्याबरोबर शेजाऱ्यांनाही येऊ लागले, तेव्हा पत्नीची बोरमाळ गहाण ठेवून मी ३० हजार एकरकमी भरले. ‘आता प्रकरण मिटले’ असे मला सांगण्यात आले आणि मी ते खरे मानले.

येत्या तीन-चार वर्षांत गृहकर्ज काढण्याचा विचार आहे. त्याआधी पत सुधारावी म्हणून मी गेल्या दोन महिन्यांत तीन बँकांकडे कार्डासाठी अर्ज केले आणि तिन्ही फेटाळले गेले. माझा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून दिला जाणारा पतगुणांक, ६१८ आहे. अहवालात त्या जुन्या खात्यासमोर ‘सेटल्ड’ असे लिहिलेले आहे. आमच्या भागातील एक एजंट नऊ हजार रुपयांत पंधरा दिवसांत हा शेरा काढून देतो म्हणतो. त्याला पैसे द्यावेत का? नसेल तर मला कार्ड मिळण्याचा काही सरळ मार्ग आहे का? की पत्नीच्या नावावर घ्यावे?

उत्तर १ : निवृत्त शाखाधिकारी, सांगली

कृपया त्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका, आणि आधार, पॅन किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी तर मुळीच देऊ नका. पतमाहिती अहवालातील नोंद बँकेने पाठवलेली असते, आणि जिने ती पाठवली त्या बँकेने दुरुस्ती मान्य केल्याखेरीज सिबिललाही ती परस्पर बदलता येत नाही. नोंद चुकीची असेल तर ती दुरुस्त करून घेण्याचा अर्ज तुम्ही स्वतः विनाशुल्क करू शकता, आणि नोंद खरी असेल तर ती कोणताही एजंट पुसू शकत नाही. माझ्या शाखेत अशा ‘सफाई’साठी पैसे देऊन बसलेली माणसे येत असत. त्यांतील बहुतेकांकडे एजंटाने दिलेली पावतीसुद्धा नसे.

दुसरे म्हणजे, नवे अर्ज आजपासून थांबवा. तुम्ही कर्ज किंवा कार्ड मागितले की ती बँक तुमचा अहवाल मागवते आणि त्या चौकशीची नोंद अहवालात राहते. दोन महिन्यांत तीन चौकश्या पाहून चौथी बँक असा अर्थ लावते की या माणसाला पैशाची निकड आहे. मात्र तुम्ही स्वतः स्वतःचा अहवाल पाहिला तर स्कोअरवर काहीही परिणाम होत नाही. ज्या तीन बँकांनी नकार दिला त्यांच्याकडून नकाराचे नेमके कारण लेखी मागा. कार्डाचा अर्ज फेटाळताना कारण लेखी कळवणे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकेवर बंधनकारक आहे.

आता अहवाल नीट वाचा. केवळ सिबिलचा वाचून भागणार नाही. देशात पतमाहिती ठेवणाऱ्या अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. चौघींकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यात तुमच्या जुन्या कार्डाखाली महिन्यांच्या चौकटींची एक पट्टी दिसेल. प्रत्येक चौकटीत देय तारखेनंतर किती दिवस पैसे थकले होते तो आकडा असतो. ०००  म्हणजे वेळेवर भरणा, ०३०  म्हणजे महिनाभर थकलेले, आणि ०९०  च्या पुढे गेलेले खाते बँकेच्या हिशेबी बुडीताकडे झुकलेले. बँकेचा अधिकारी एकूण स्कोअर पाहतोच, पण त्याची नजर खरी खिळते ती या पट्टीवर आणि शेऱ्यावर. ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून देऊन तडजोड केली, पूर्ण फेड झाली नाही. पूर्ण फेडीला ‘क्लोज्ड’ म्हणतात. या दोन शब्दांतील फरक तडजोडीच्या वेळी कर्जदाराला समजावून सांगितला जात नाही, याचे मला नोकरीत असतानाही वाईट वाटत असे.

कार्डाचा सरळ मार्ग मुदत ठेवीवरच्या कार्डाचा आहे. बँकेत ठेव ठेवायची, बँक तिच्यावर आपला बोजा नोंदवते आणि ठेवीच्या साधारण ७५ ते १०० टक्के मर्यादेचे कार्ड देते. तारण हाती असल्याने बहुतेक वेळा स्कोअर आड येत नाही आणि पगाराचा पुरावाही मागितला जात नाही. ठेवीवर नेहमीचे व्याज मिळत राहते, मात्र कार्ड चालू असेपर्यंत ती मोडता येत नाही. हे कार्डही अन्य कार्डांप्रमाणेच पतमाहिती कंपन्यांना कळवले जाते आणि तुमच्या दृष्टीने त्याचे खरे मोल त्यातच आहे. ठेव त्याच बँकेतली लागते. पतसंस्थेची ठेव पावती यासाठी चालत नाही. तसेच तुमची पतसंस्था या कंपन्यांची सभासद नसेल, तर तिथे वर्षानुवर्षे नियमित फेडलेले हप्ते या अहवालात उतरत नाहीत.

पत्नीच्या नावावर कार्ड घेतल्याने तुमचा अहवाल सुधारणार नाही. गृहकर्जात दोघे सहअर्जदार असाल तर दोघांचेही अहवाल पाहिले जातील.

उत्तर २ : ठाण्याहून एक सदस्य

शाखाधिकारी साहेबांनी सांगितलेला मार्ग मी स्वतः चालून पाहिला आहे, म्हणून त्यातले खाचखळगे लिहिते. पतीच्या आजारपणात माझे दोन हप्ते थकले होते आणि माझा स्कोअर ५९० पर्यंत उतरला होता. २०२२ मध्ये २५ हजारांची ठेव ठेवून मी २० हजार मर्यादेचे कार्ड घेतले.

पहिल्याच महिन्यात माझी चूक झाली. मी १,४६० रुपयांचा किराणा घेतला होता आणि देय तारखेच्या दोन दिवस आधी आठवणीने तेवढेच १,४६० भरले. बिलाच्या दुसऱ्या पानावर तळाशी ११८ रुपयांची आणखी एक ओळ होती, शंभर रुपये शुल्क आणि त्यावरचा अठरा टक्के जीएसटी. ती मी पाहिलीच नाही. पुढच्या महिन्यात त्या न भरलेल्या ११८ रुपयांपायी व्याज लागले. ते मला विनंती केल्यावर परत मिळाले, पण पत सुधारण्यासाठी घेतलेल्या कार्डावर पहिल्याच चौकटीत शून्याऐवजी आकडा येतो की काय, या विचाराने मला दोन रात्री झोप लागली नाही. खात्यावर थकबाकीचा शेरा मारणे किंवा विलंब शुल्क लावणे हे देय तारखेला तीन दिवस उलटून गेल्यावरच करता येते, ही माहिती मला नंतर मिळाली. तरीही त्या तीन दिवसांवर विसंबू नका.

तेव्हापासून मी बिलाचा आकडा डोक्यात ठेवत नाही. बचत खात्यातून आपोआप भरणा होण्याची सूचना देऊन ठेवली आहे. ती सूचना देताना अर्जात ‘किमान देय रक्कम’ आणि ‘संपूर्ण देय रक्कम’ असे दोन पर्याय असतात, त्यातला दुसराच निवडा. किमान रक्कम भरल्यास विलंब शुल्क टळते, परंतु उरलेल्या रकमेवर व्याज सुरू होते. व्याजदर महिना साडेतीन टक्के धरला तर दहा हजारांच्या बाकीवर महिन्याला ३५० रुपये व्याज आणि त्यावर ६३ रुपये जीएसटी, असे ४१३ रुपये जातात. शिवाय मागचे बिल पूर्ण फेडलेले नसेल तर नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. कार्डाने एटीएममधून रोख कधीही काढू नका, कारण तिथे बिनव्याजी मुदत नसतेच.

मी कार्डावर फक्त विजेचे बिल आणि मोबाइलचे रिचार्ज ठेवले आहे. वीस हजारांच्या मर्यादेत चार-पाच हजारांच्या वर जात नाही. मर्यादेच्या जवळपास तीस टक्क्यांच्या आत राहावे असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. सव्वा वर्षाने माझा स्कोअर ७०० च्या वर गेला. तुमचा ‘सेटल्ड’ शेरा माझ्या दोन हप्त्यांपेक्षा जड आहे, त्यामुळे तुम्हाला अधिक काळ लागेल असे समजून चला.

उत्तर ३ : कर सल्लागार, लातूर

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत असूनही मी क्रम उलटा लावीन. तुमचे अंतिम उद्दिष्ट गृहकर्ज आहे. ठेवीवरचे कार्ड स्कोअर वर नेईल, परंतु ७४० स्कोअर असलेल्या अर्जदाराच्या अहवालातही ‘सेटल्ड’ शब्द दिसला की गृहकर्जाचा अधिकारी थांबतो आणि प्रश्न विचारतो. म्हणून प्रथम जुन्या बँकेला लेखी पत्र देऊन विचारा की सोडून दिलेली रक्कम मी आता भरली तर खाते ‘क्लोज्ड’ असे कळवाल का, आणि त्यासाठी नेमकी किती रक्कम घ्याल. उत्तर लेखी हाती आल्याशिवाय पैसे भरू नका. भरल्यावर बेबाकीचा, म्हणजे काही देणे उरले नाही असा, दाखला घ्या आणि तो जपून ठेवा.

उत्तर ४ : निवृत्त शाखाधिकारी, सांगली

लातूरच्या सल्लागारांचा मुद्दा रास्त आहे, मात्र एक गोष्ट नजरेआड होऊ नये. ६४ हजारांतून ३० वजा केले तर ३४ हजार उरतात, आणि त्यात मूळ खर्च (३१ हजारांतून तुम्ही भरलेले ३० वजा जाता) जेमतेम हजार रुपयांचा आहे, बाकी सारे व्याज आणि शुल्क. म्हणून पत्रात ही फोड मागा आणि शुल्क कमी करण्याची विनंती करा. बँका अशा जुन्या खात्यांत पुष्कळदा ऐकतात. तरीही मोठी रक्कम मागितली गेली तर पुन्हा दागिना गहाण ठेवून ती भरू नका. शेरा बदलला तरी थकलेल्या महिन्यांची पट्टी बदलत नाही. त्यामुळे पत्र आणि ठेवीवरचे कार्ड ही दोन्ही कामे एकाच वेळी सुरू करावीत, असे मला वाटते. पत्राच्या उत्तरासाठी कार्ड थांबवण्याचे कारण नाही.

प्रश्नकर्ता : सातपूरचा फिटर, नाशिक

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. एजंटाला नकार कळवला आहे. चारही अहवाल काढले आणि एक वेगळीच गोष्ट समोर आली. तीन अहवालांत ‘सेटल्ड’ आणि बाकी शून्य आहे, पण चौथ्यात तेच खाते अजून थकीत दाखवून ३४ हजारांची बाकी लिहिलेली आहे. तडजोडीचे पत्र आणि ३० हजारांची पावती दोन्ही माझ्याकडे, पत्र्याच्या पेटीत, अजून आहेत. आता काय करावे?

उत्तर ५ : कर सल्लागार, लातूर

ही दोन कागदपत्रे तुम्ही जपलीत, हे फार चांगले केलेत. ‘सेटल्ड’ ही नोंद खरी आहे, तिच्याविरुद्ध तक्रार चालणार नाही, पण चौथ्या अहवालातील बाकी सरळसरळ चूक आहे. त्या कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, दोन्ही कागद जोडा, आणि त्याच दिवशी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही ईमेल करा. तक्रार क्रमांक व तारीख लिहून ठेवा, कारण दिवस तिथून मोजले जातात. दुरुस्तीसाठी एकूण ३० दिवसांची मुदत आहे, त्यांतील २१ दिवस बँकेने कंपनीला दुरुस्त माहिती पाठवण्यासाठी आहेत. मुदत उलटली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तिथेही काही झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. पतमाहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून या लोकपाल योजनेच्या कक्षेत आहेत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

तीन बँकांपैकी ज्या बँकेने हा चौथा अहवाल पाहिला असेल, तिला तुम्ही अजूनही थकबाकीदार दिसला असाल. म्हणून नकाराचे लेखी कारण मागायला विसरू नका.

प्रश्नकर्ता : सातपूरचा फिटर, नाशिक

तक्रार काल रात्री नोंदवली, क्रमांक वहीत लिहिला आहे. जुन्या बँकेला रकमेची फोड मागणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवले. पगाराच्या बँकेत सोमवारी २५ हजारांची ठेव ठेवून कार्डाचा अर्ज देतो आहे. ठाण्याच्या ताईंनी लिहिल्याप्रमाणे ‘संपूर्ण देय रक्कम’ हाच पर्याय निवडणार, आणि पहिले बिल आले की त्याचे दुसरे पान आधी वाचणार.