फ्रँचाइज टॅक्स बोर्डाचं पत्र, ५३८ डॉलर मागतायत. मदत हवी आहे (तातडीने)

वैतागवाडी
काल पेटीत पत्र आलं. ५३८ डॉलर भरा, नाहीतर पगारातून किंवा बँकेतून परस्पर कापून घेऊ. मी टॅक्स दर वर्षी वेळेवर भरतो. त्यांना फोन केला तर म्हणाले आम्ही यात काही करू शकत नाही, कोर्टाशी बोला. कोर्टात कोणी फोन उचलत नाही. बायको म्हणते भरून मोकळा हो. भरू की नको? लवकर सांगा, शुक्रवारी पगार आहे.

आजोबा_सदाशिवपेठी
फ्रँचाइज कशाची घेतली होतीत? माझ्या मेव्हण्याने डोशाची घेतली होती. करारातलं बारीक अक्षर वाचलं नाही आणि अडकला. करार इथे टाका, बघून सांगतो.

टिंब_टिंब
आजोबा, ते कॅलिफोर्नियाचं आयकर खातं आहे, नावच तसं आहे.
वैतागवाडी, कुठल्या वर्षाचं रिटर्न? मलाही असं पत्र आलं होतं, शेअर विकल्याची एक नोंद राहून गेली होती. सुधारित रिटर्न भरलं, मिटलं. तेच करा, डोकं लावू नका.

वैतागवाडी
रिटर्नचा संबंध नाही हो. पत्राच्या माथ्यावर 'कोर्टाच्या आदेशाचं देणं' अशा अर्थाचं काहीतरी आहे.

खाडीकाठची
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं की हो! म्हणजे कोर्टाची थकबाकी टॅक्स बोर्ड वसूल करतंय. कधी ट्रॅफिकचं टिकिट मिळालं होतं का?

वैतागवाडी
एक होतं, स्टॉप साइनचं. जुनं आहे. पण नेटवर त्याचा दंड ३५ डॉलर दिसतोय. ३५ चे ५३८ कसे होतील?

खाडीकाठची
होतात. ३५ हा नुसता मूळ दंड. त्यावर दर १० डॉलरला (किंवा त्याच्या भागाला) २९ डॉलर चढतात: राज्याचे १०, काउंटीचे ७, कोर्टाच्या इमारतींचे ५, डीएनए निधीचे ५, तातडीच्या वैद्यकीय सेवेचे २. म्हणजे ३५ ला ४० धरून ११६. शिवाय २० टक्के अधिभाराचे ७, कोर्ट चालवण्याचे ४०, दोषी ठरल्याचे ३५, हवाई रुग्णवाहिकेचे (तेव्हाचे) ४, रात्रीच्या कोर्टाचा १. बेरीज २३८. माझंही याच टिकिटाचं याच आकड्याचं होतं, २०१९ मध्ये. भाजीच्या पिशवीत मीठ, मिरची, कोथिंबीर सगळं फुकट येतं तसं, फक्त इथे फुकट नाही.
आता उरलेले ३०० बघा. त्याला सिव्हिल असेसमेंट म्हणतात. मुदतीत भरलं नाही किंवा हजर झालं नाही की लावतात. टिकिट कधीचं, आणि हे ३०० कधी लावले? तारखेवर सगळं आहे.

नियमावली
आणि टिकिटानंतर घर बदललं होतं का? बदललं असेल तर १० दिवसांत डीएमव्हीला (लायसन्स देणाऱ्या खात्याला) कळवायचं असतं. कळवलं नसेल तर चूक तुमचीच. इथे राहायचं तर इथले नियम पाळा.

वैतागवाडी
टिकिट डिसेंबर २०२१. जानेवारीत घर बदललं, दुसऱ्या काउंटीत. पत्ता मार्चमध्ये बदलला, मान्य. कोर्टाची नोटीस जुन्या घरी गेली असणार, तिथे आता दुसरेच लोक राहतात. टिकिटाचं मी विसरूनच गेलो, धाकटी तेव्हा तीन आठवड्यांची होती. आता प्रवचन नको, भरू का सांगा.

टॅम्पाकर
भरून टाका. आमच्या फ्लोरिडात दंड थकला की आधी लायसन्स निलंबित. मग क्लार्क ते प्रकरण वसुली एजन्सीकडे देतो आणि एजन्सी वर ४० टक्क्यांपर्यंत आपलं शुल्क लावू शकते. मित्राचं असंच झालं, सहा महिने बायकोने गाडी चालवली. तुमचं लायसन्सही गेलं असेल, आधी तपासा.

खाडीकाठची
टॅम्पाकर, कृपा करून घाबरवू नका. कॅलिफोर्नियात नुसता दंड थकला म्हणून लायसन्स निलंबित करणं २०१७ मध्येच बंद झालं, आणि हजर न राहिल्याबद्दलचं २०२३ पासून. राज्य बदललं की नियम बदलतो.

टिंब_टिंब
मग क्रेडिट स्कोअर? माझ्या शेअरच्या वेळी...

खाडीकाठची
ट्रॅफिकचा दंड हा करारातून आलेलं कर्ज नव्हे, तो क्रेडिट रिपोर्टवर येत नाही. तुमच्या शेअरचं नंतर बघू.

नाझर_निवृत्त
मी महाराष्ट्रात दिवाणी कोर्टात नाझर होतो, ३१ वर्षं. दंड, अनामत, कोर्ट फी सगळं माझ्या हातून गेलं. रोजची रोकड वही संध्याकाळी जुळल्याशिवाय घरी जाता यायचं नाही. एकदा पाच रुपये जुळेनात म्हणून रात्री नऊ वाजेपर्यंत बसलो होतो. नंतर ते खिशातल्या पावतीपुस्तकात चिकटलेले सापडले. पण दंडाचा रुपया चलनाने कोषागारात जमा. न्यायाधीशाला आपल्या कोर्टाने किती दंड गोळा केला याच्याशी काही देणंघेणं नसतं. या ३०० डॉलरचं कोर्टाला काय मिळतं?

खाडीकाठची
तोच वादाचा मुद्दा होता, काका. इथे १९९७ पर्यंत काउंटी कोर्टांना पैसे द्यायच्या, मग कायदा करून जबाबदारी राज्याने घेतली. तरी हे असेसमेंट बरंचसं ज्या कोर्टाने लावलं त्याच्याच खर्चाला परत यायचं. म्हणजे लावणारा तोच आणि त्यावर चालणाराही तोच.

नाझर_निवृत्त
हे तर चुकीचंच आहे.

इतिहासवेडा
१९२७ चा टुमी विरुद्ध ओहायो वाचा. गावचा मेयरच दारूबंदीचे खटले चालवायचा. आरोपी दोषी ठरला तर खर्चापोटी १२ डॉलर मेयरला, निर्दोष सुटला तर काहीच नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे चालणार नाही म्हणून सांगितलं. सरन्यायाधीश टाफ्ट, जे आधी राष्ट्राध्यक्षही होते. १९७२ मध्ये त्याच ओहायोतल्या मन्रोव्हिल गावचं असंच प्रकरण तिथे गेलं. तिथे पैसे मेयरच्या खिशात नव्हे, गावच्या तिजोरीत जायचे, तरी नाही म्हणाले. यावर वेगळा धागा काढतो.

वैतागवाडी
काढा. ३०० चं काय?

खाडीकाठची
कोर्टाच्या साइटवर केस नंबर टाका. सगळ्या नोंदी तारखेसकट दिसतील. असेसमेंट कधी लावलं ते बघून इथे लिहा.

टॅम्पाकर
'ऐपत नाही' असा अर्जही ऑनलाइन करता येतो म्हणे तिथे. अर्धा किंवा जास्तही दंड माफ होऊ शकतो.

नियमावली
ते कमी उत्पन्नवाल्यांसाठी आहे. हे साहेब आयटीत असणार. गरिबांची सोय लाटू नका.

वैतागवाडी
आयटीत नाही, शाळेत शिकवतो. तरी तो अर्ज करणार नाही. तारीख सापडली: १४ एप्रिल २०२२, सिव्हिल असेसमेंट ३००.

खाडीकाठची
मग ते ३०० भरू नका! २०२२ च्या उन्हाळ्यात एबी १९९ हा राज्याचा कायदा आला. १ जुलै २०२२ च्या आधी लावलेल्या असेसमेंटची जी थकबाकी होती ती वसूल करता येत नाही, रद्द झाली. पुढे लावायची ती १०० पर्यंतच, आणि तो पैसा आता कोर्टाकडे नाही, राज्याच्या सर्वसाधारण निधीत. मूळचे २३८ मात्र तुमचे, त्यातून सुटका नाही. आणि कोर्टाने कळवल्याशिवाय टॅक्स बोर्ड काही बदलणार नाही, म्हणून त्यांच्याशी भांडू नका. कोर्टाच्या खिडकीवर जा, सोबत नोंदीचं प्रिंट न्या. फोनच करायचा तर सकाळी आठला.

आजोबा_सदाशिवपेठी
लोकअदालतीत ठेवा. माझ्या नातवाची नऊ ई-चलनं एका बैठकीत मिटली.

नाझर_निवृत्त
आणि लोकअदालतीत दावा मिटला तर भरलेली कोर्ट फी पूर्ण परत मिळते. लोकांना माहीत नसतं. अर्ज मात्र वकिलाकडून करून घ्यावा. जास्तीत जास्त कोर्ट फीही २०१८ पासून ३ लाखांऐवजी १० लाख केली आहे, मोठा दावा लावणाऱ्यांनी आधी हिशेब करावा.

टिंब_टिंब
काका, त्यांनी दावा लावलेला नाही.

इतिहासवेडा
बाय द वे, पुढे नागरिकत्वाचा अर्ज (एन-४००) भरणार असाल तर: मी भरला तेव्हा सूचनांत होतं की दारू, ड्रग्ज किंवा अटक नसेल आणि दंड ५०० डॉलरच्या आत असेल तर कागद जोडायची गरज नाही. म्हणजे २३८ आणि ५३८ यांत नुसता ३०० चा फरक नाही.

वैतागवाडी
अपडेट. सुट्टी टाकून खिडकीवर गेलो. पावणेदोन तास रांग. पुढच्या माणसाच्या हातात माझ्यासारखीच सहा पत्रं, रबर लावून. खिडकीवरच्या बाईंनी नोंद बघितली, पेन्सिलने ३०० वर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या हे तेव्हाच निघायला हवं होतं. २३८ तिथेच कार्डाने भरले. टॅक्स बोर्डाला कळवू म्हणाल्या, पण किती दिवसांत ते विचारलं तर खांदे उडवले. शुक्रवारचा पगार पूर्ण आला तर सांगतो.

नियमावली
पावतीचा फोटो काढून ठेवलात ना?

वैतागवाडी
आता काढतो.