मदत हवी आहे : ईएमआय (विद्युतचुंबकीय व्यत्यय) मोजणारा रिसीव्हर आणि लिस्नचे कॅलिब्रेशन

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आम्ही यंत्रमागाच्या मोटारींसाठी ड्राइव्ह बनवतो आणि त्यांतून वीजवाहिनीत परतणारा विद्युत गोंगाट १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात स्वतःच मोजतो. गेल्या महिन्यात त्याच नमुन्याचे क्वासी-पीक (गोंगाटाचे स्पंद किती वेळा येतात त्यानुसार शिखराला वजन देणारे) वाचन अचानक ६ डेसिबलने चढले. केबल बदलताच २ डेसिबल उतरले, उरलेल्यासाठी संशय लिस्नवर, म्हणजे मोजणीसाठी वीजवाहिनी आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये जोडलेल्या ठरावीक इम्पीडन्सच्या जाळ्यावर, आहे. रिसीव्हरच्या प्रमाणपत्रात केवळ साइन लहरीची अचूकता नोंदवली आहे, सीआयएसपीआर १६-१-१ या मोजणी उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकात सांगितलेला पल्स प्रतिसाद (छोट्या स्पंदांना रिसीव्हर किती वाचन देतो ते) तपासलेलाच नाही, आणि माझ्या मते क्वासी-पीकचा खरा भरवसा त्यावरच असतो. हा प्रतिसाद, तसेच लिस्नचा इम्पीडन्स आणि व्होल्टेज डिव्हिजन फॅक्टर, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या कक्षेत तपासून देणारी पुण्याकडची प्रयोगशाळा कोणी अनुभवावरून सुचवू शकेल का?