रिमोटच्या गाडीची ७.४ व्होल्टची लिथियम बॅटरी जुन्या ७.२ व्होल्टच्या चार्जरने चार्ज करता येईल का?

अबोली (प्रश्न):

नातेवाइकांच्या मुलाने वापरलेली रिमोटवर चालणारी एक गाडी आता आमच्या मुलाकडे आली आहे. गाडी उत्तम स्थितीत आहे, मात्र तिची चार्जिंग केबल कुठे गेली ते कोणालाच सांगता येत नाही. बॅटरीवर ‘ली-आयन, ७.४ व्होल्ट, १२०० एमएएच’ असे छापलेले असून तिला दोन प्लग आहेत: गाडीत जोडायचा दोन पिनांचा आणि दुसरा लहान, पांढरा, तीन पिनांचा. घरात आधीच्या एका गाडीचा भिंतीत लावायचा चार्जर पडून आहे. त्यावर ‘७.२ व्होल्ट, २५० एमए’ असे लिहिले आहे आणि त्याचा दोन पिनांचा प्लग या बॅटरीत अगदी घट्ट बसतो. आकड्यांत फरक इतका थोडा असताना तो वापरायला हरकत आहे का? शिवाय नवी यूएसबी केबल घेतली, तर ती मोबाइलच्या फास्ट चार्जरला जोडली तर चालेल का?

तारजोड:

कृपया तो चार्जर या बॅटरीला लावू नका. प्लग बसतो यावरून काहीही सिद्ध होत नाही, कारण खेळणी बनवणारे कारखाने तोच दोन पिनांचा प्लग निकेल आणि लिथियम अशा दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्यांना सर्रास लावतात.

७.२ आणि ७.४ हे आकडे जवळचे दिसले, तरी त्यांमागची रसायने वेगळी आहेत. ७.२ व्होल्टची बॅटरी म्हणजे बहुधा १.२ व्होल्टचे सहा निकेल-कॅडमियम किंवा निकेल-मेटल हायड्राइड सेल. पूर्ण भरत आल्यावर त्यांतला प्रत्येक सेल सुमारे १.४५ व्होल्टपर्यंत चढतो, म्हणजे सहा सेलचे मिळून ८.७ व्होल्ट होतात. तुमच्या बॅटरीत ३.७ व्होल्टचे दोन लिथियम सेल आहेत आणि त्यांची वरची मर्यादा प्रत्येकी ४.२, म्हणजे एकूण ८.४ व्होल्ट इतकी काटेकोर आहे. खेळण्यांसोबत येणारे जुने भिंतीतले चार्जर बहुतेक वेळा स्वतःहून थांबत नाहीत. ते थोडा थोडा प्रवाह देत राहतात. निकेलचे सेल तो जादा प्रवाह बऱ्याच अंशी उष्णतेच्या रूपात सोसतात. लिथियमच्या सेलला मात्र ती सोय नाही. मर्यादा ओलांडली की आतला द्रव विघटित होऊन वायू तयार होतो, सेल तापतो, आणि एका टप्प्यानंतर ती उष्णताच पुढच्या उष्णतेला कारण होत जाते. मग प्लग काढूनही आग थांबत नाही.

आता त्या पांढऱ्या प्लगविषयी. त्यातली मधली तार दोन सेलच्या जोडावरून आलेली असते, त्यामुळे चार्जरला प्रत्येक सेलचे व्होल्टेज स्वतंत्रपणे पाहता येते. हे का महत्त्वाचे, ते मल्टिमीटर लावून पाहिले की लगेच पटते: दोन टोकांमध्ये ८.४ असा निर्दोष आकडा दिसत असताना आतला एक सेल ४.३५ वर आणि दुसरा ४.०५ वर असू शकतो. बेरीज बरोबर असते आणि एक सेल धोक्यात असतो. म्हणून ‘७.४ व्होल्ट लिथियम, २एस’ (२एस म्हणजे एकापुढे एक जोडलेले दोन सेल) असे स्पष्ट लिहिलेला आणि तीन पिनांच्या प्लगमधून चार्ज करणारा बॅलन्स चार्जरच घ्यावा. काही बॅटऱ्यांच्या वेष्टनाखाली संरक्षक सर्किटची पट्टी असते, पण ती शेवटचा अडसर म्हणून असते. तिच्या भरवशावर चुकीचा चार्जर वापरू नये.

पाना_पक्कड:

वरच्या उत्तराशी सहमत आहे. फास्ट चार्जरबद्दल थोडी भर घालतो. असा चार्जर सुरुवातीला ५ व्होल्टच देतो आणि समोरच्या उपकरणाने ठरावीक संकेत देऊन मागणी केली तरच व्होल्टेज वाढवतो. खेळण्याची साधी केबल असा संकेत देत नाही, त्यामुळे चार्जर कितीही वॅटचा असला तरी तेवढ्यामुळे बॅटरीत जास्त प्रवाह ढकलला जात नाही. बॅटरीला किती प्रवाह आणि किती व्होल्टेज मिळायचे ते केबलवरच्या छोट्या डबीतले सर्किट ठरवते. तेव्हा खरी पारख त्या डबीची करायला हवी. त्यावर व्होल्टेज, प्रवाह आणि लिथियमचा उल्लेख यांपैकी काहीच नसेल, तर ती केबल घेऊ नये, मग ती कितीही स्वस्त असो.

१२०० एमएएच बॅटरीला सर्वसाधारणपणे १.२ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह देऊ नये. त्याच्या निम्मा दिल्यास उत्तमच. ०.६ अँपिअरने रिकामी बॅटरी भरायला दोन ते अडीच तास लागतील, कारण शेवटच्या टप्प्यात प्रवाह हळूहळू कमी होत जातो. याच्या दुप्पट वेळ होऊनही दिवा बदलला नाही, तर प्लग काढावा. दिव्याचे रंगही सर्व केबलींत सारखे नसतात: एखादीत चार्जिंग चालू असताना लाल दिवा लागतो, तर एखादीत पूर्ण झाल्यावर लागतो. सोबतचा कागद वाचल्याशिवाय रंगावरून अनुमान काढू नये.

गाडी पळवून आणल्याबरोबर मुले बॅटरी चार्जिंगला लावायला धावतात. तेथे मोठ्यांनी आडवे यावे. ती हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. चार्ज करताना ती खेळण्यातून बाहेर काढून फरशीवर ठेवावी, पलंग, सोफा, पडदे यांपासून दूर, आणि त्या वेळी घरातले कोणी तरी जागे आणि जवळ असावे. रात्रभर लावून ठेवण्याचे मी कोणत्याही चार्जरच्या बाबतीत समर्थन करणार नाही.

अबोली:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. जुना चार्जर बाजूला काढला असून बॅलन्स चार्जर मागवत आहे. याच अनुषंगाने आणखी एक विचारते. घरातल्या छोट्या ड्रोनची चपटी, रुपेरी बॅटरी मधोमध थोडी फुगल्यासारखी दिसते. ती अजून चार्ज होते आणि ड्रोन उडतोही. ती वापरावी का? नसेल, तर तिचे काय करावे?

विजेरी:

वापरू नये. फुगवटा म्हणजे आत साठलेला वायू, आणि ड्रोन उडतो म्हणून तो वायू नाहीसा होत नाही. बॅटरी दाबून सपाट करण्याचा किंवा टोचून वायू काढण्याचा प्रयत्न कोणी करू नये. अशी बॅटरी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवावी, म्हणजे ती निर्धोक होते, असे मी ऐकले आहे.

तारजोड:

मिठाच्या पाण्याचा उपाय पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो, परंतु तो भरवशाचा नाही. त्या पाण्यात बाहेरची धातूची टोके आधी गंजून तुटतात आणि सेलमधली ऊर्जा आतच अडकते. वरून बॅटरी ‘संपलेली’ दिसते एवढेच. त्यापेक्षा प्रत्येक टोकाला वेगवेगळी चिकटपट्टी लावावी, बॅटरी झाकण सैल ठेवलेल्या धातूच्या डब्यात कोरड्या वाळूवर ठेवावी आणि डबा मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, शक्यतो घराबाहेर, उन्हाआड ठेवावा. झाकण घट्ट लावू नये, कारण वायू सुटला तर त्याला वाट हवी. नंतर लवकरात लवकर ती ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावी आणि देताना फुगलेली असल्याचे सांगावे. घरच्या कचऱ्यात टाकल्यास कचरागाडीत दाबली जाऊन तेथेच पेट घेण्याचा संभव असतो.

गाडीच्या गोल सेलबाबत एक फरक ध्यानात ठेवावा. त्यांचे कवच पोलादी असल्यामुळे ते सहसा फुगलेले दिसत नाहीत. त्यांच्यात बिघाडाची खूण म्हणजे गोडसर, उग्र वास, टोकाशी ओलसरपणा किंवा फाटलेले वेष्टन. तुमची बॅटरी कित्येक महिने पडून राहिली असेल, तर नवा चार्जर आल्यावर आधी पांढऱ्या प्लगवर दोन्ही सेलचे व्होल्टेज मोजून घ्यावे, आणि एखादा सेल २.५ व्होल्टच्याही खाली गेलेला आढळला, तर तिला चार्जिंगला न लावता तीही त्याच केंद्रात द्यावी.