सातवा लागलाय, बाबा अजून बोलत नाहीत, डोहाळजेवणाला माहेरी कळवू का?

चाफेकळी:
लग्नाला ३ वर्षं झाली, स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली रजिस्टर केलं, धर्म कुणीच बदलला नाही. मी चिपळूणची, नवरा कोकणी मुसलमान. सासरी त्रास नाही हो, ईदला सासूबाई सांदणं करतात त्यातलं पहिलं माझ्या ताटात, म्हणूनच रडले तर लोक म्हणतात आता काय कमी आहे. बाबा ३ वर्षांत एक अक्षर बोलले नाहीत. ते आंघोळीला गेले की आई चोरून फोन करते, माझा नंबर 'गॅसवाला' म्हणून सेव्ह केलाय आणि नळ बंद झाला की "बरं दादा, उद्या सिलिंडर पाठवा" म्हणून ठेवून देते. आधी हसू यायचं, परवा मात्र फोन हातात धरून रडत बसले. नवऱ्याला सांगितलं की तो एकदम गप्प होतो, मग मीच त्याची समजूत काढते. त्यात बाळाच्या नावाची कुजबुज आत्तापासून सुरू झालीय.

माजघर:
आमचं उलटं, मी मुसलमान, हे हिंदू, लग्न १९९८ चं. बाळ झालं की सगळे विरघळतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. अब्बांना ६ वर्षं लागली, भाऊ अजून येत नाही. कळव मात्र जरूर, वाट नको बघूस. मुलाचं नाव समीर ठेवलं, दोन्हीकडे आपलंच वाटलं.

कायद्याचा_किडा:
भावनांचं मला फार कळत नाही. पण या कायद्याने लग्न केलेल्या तुमच्यासारख्या हिंदू-मुसलमान जोडप्यांचा वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो, शिवाय स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टच्या कलम १९ प्रमाणे हिंदू जोडीदार एकत्र कुटुंबातून वेगळा धरला जातो. बाळ येतंय तर दोघांनी मृत्युपत्र करून टाका.

रिक्षास्टँड:
मी त्या गप्प नवऱ्यांपैकीच. तिच्या वडिलांबद्दल काही बोललो आणि ती "तुझ्यामुळेच" म्हणाली तर, ही भीती असते. त्याला सांगा, बोलू नको, नुसता शेजारी बस.

चाफेकळी:
किडा, डोहाळजेवणाच्या धाग्यावर मृत्युपत्र, धन्य आहात 😀 पण बघते. आईला आज विचारलं. रविवारी येते म्हणाली, बाबांना सांगणार भिशी आहे.