शब्दचर्चा : पारवा, आमसुली आणि गोधडीतले इतर रंग

नौपाडेकर :
आईच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवायला टाकते आहे. घणसोलीच्या ज्या ताई शिवून देतात त्यांनी विचारलं, "वरून पारवा लावू का आमसुली?" लेक शेजारीच बसली होती, तिला दोन्ही रंग कळले नाहीत. साड्या समोर ठेवल्या तर म्हणाली, "अगं, ही ग्रे आणि ती वाईन!" गंमत अशी की हे दोन्ही रंग आज जोरात चालतात, दिवाणखान्याच्या भिंतीपासून कुर्त्यापर्यंत. म्हणजे रंग मोडीत निघाले नाहीत, नावं निघाली. असं आणखी कुठल्या रंगांचं झालंय? आणि 'फिका' व 'विटका' यांत तुम्ही फरक करता का?

ऐरोलीकर :
रंगांवर येतो, पण आधी गोधडीवर. आमच्या साताऱ्याकडच्या घरात हा शब्दच नव्हता, वाकळ म्हणायचे. इकडे राहायला आलो आणि मीही गोधडी म्हणू लागलो, कारण 'वाकळ' म्हटलं की लोकांना काहीतरी फाटकंतुटकं डोळ्यासमोर येतं. बाकीची नावं मात्र घडण सांगतात. दुपटं दोन पदरांचं, चौघडी चार पदरी. रजई आणि दुलईत कापूस. वाकळेत कापूस नाही, जुन्यावर जुनं कापड. आत विरलेलं धोतर, चादर, परकर, आणि वरखाली लुगडं. चारी कडांनी कच्चे टाके घालून घ्यायचे आणि मग कडेकडेने धावदोरा घालत मध्याकडे सरकायचं.

त्यातही लुगडं लगेच वाकळेत जायचं नाही. मधे विरलं की तेवढा भाग कापून, दोन टोकं जोडून 'दंड घालायचे' आणि तेच पुन्हा नेसायचं. ते दंडाचंही गेलं की मग वाकळ. त्यामुळे वाकळेतले रंग बाजाराच्या कायम मागे. पेठेत एका रंगाची टूम निघालेली असायची आणि घरात अंगावर त्याच्या आधीच्या टुमेचे रंग. पुढे टेरिलीन-नायलॉनच्या साड्या आल्या. त्या झिजेचनात, घाम टिपत नाहीत, शिवायला घेतल्या तर पदर एकमेकांवरून निसटतात. त्या साड्यांचे भडक रंग वाकळेत फारसे आलेच नाहीत.

रबाळे-निवृत्त :
ठाणे-बेलापूर पट्ट्यात रंगाच्या कारखान्यात नोकरी झाली, म्हणून नाक खुपसतो. पूर्वी रंगाचं नाव म्हणजे त्या रंगाचा माल. कुसुंबी करडईच्या फुलांचा, किरमिजी किड्यांपासून काढलेला, मंजिष्ठी वेलीच्या मुळांचा. १८५६ मध्ये लंडनला पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा क्विनाइन बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. १८५९ मध्ये मॅजेंटा आला. त्याच साली इटलीत त्या नावाच्या गावी लढाई झाली होती, तिचं नाव रंगाला चिकटलं. १८९७ पासून जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली. झाडाशी, किड्याशी रंगाचा संबंध सुटला. कुसुंबीचा मालच संपला, म्हणून नाव गेलं, हे समजू शकतो. पारव्याचं काय? पारवे तर ठाणे स्टेशनच्या छपराखाली अजून गर्दी करून आहेत!

ऐरोलीकर म्हणतात तो मागे राहण्याचा प्रकार गोधडीचा, सगळ्या जगाचा नव्हे. अमेरिकेत क्विल्टसाठी नवं कापड घेण्याची ऐपत असलेल्या घरांत टूम थेट शिरायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिकडे लाल-हिरव्याची चलती होती. शतक संपता संपता स्वस्त कृत्रिम हिरवे आले आणि धुता धुता मातकट पडले. जुन्या क्विल्टवर लाल फुलं शाबूत आणि पानं खाकी, असं दिसतं ते त्यामुळे. १८८०च्या दशकात तर रेशमा-मखमलीचे वेडेवाकडे तुकडे जोडायचं वेड आलं होतं. अंगावर घ्यायला नव्हे, पाहुण्यांना दाखवायला.

जांभळी नाका :
साड्यांच्या दुकानात उभी असते, म्हणून सांगते, नावं मेलेली नाहीत हो. राणी, मोरपंखी, रामा, गाजरी, डाळिंबी, अबोली, रोज माझ्या तोंडात असतात. पण कुठल्या साडीला? काठापदराच्या. पारवा, आमसुली ही नेहमीच्या सुती पातळांची नावं. पातळ नेसणं गेलं, नावं त्याच्याबरोबर गेली. लग्नाच्या बस्त्यात पारव्याला कोण विचारतंय! आणि मोतिया, पिस्ता, बदामी या तिघांना आता एकच शब्द: पेस्टल. गिऱ्हाईक "पेस्टल दाखवा" म्हणतं आणि मी सगळा गठ्ठा उपसते.

फिका आणि विटका वेगळेच. फिकी साडी नवी मिळते, विटकी नवी मिळत नाही. रंग पाण्यात 'जातो', शेजारच्या कपड्याला 'लागतो', उन्हाने 'उडतो' आणि वापरून वापरून 'विटतो'. माणूसही विटतो, पण माणसाला फिका म्हटलं की अर्थ निराळा.

नौपाडेकर :
जांभळी नाका, तुमचं सगळं पटलं, एक सोडून. आमसुली फक्त नेहमीच्या साडीचा नव्हता. आईचं आमसुली रेशमी पातळ होतं आणि ते ती हळदीकुंकवाला नेसायची.

जांभळी नाका :
ताई, त्याला आता दुकानात 'वाईन' म्हणूनच विकते. आमसुली म्हटलं तर नव्या मुली नाक मुरडतात, आमटीत घालायचं वाटतं त्यांना. गोधडी प्रिंटच्या चादरी विचारतात, त्यात टाका एक नाही, टाक्यांचं नुसतं चित्र छापलेलं!

रबाळे-निवृत्त :
नौपाडेकर, आमसुली कापड गोधडीत घालण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. गडद लाल-जांभळे रंग बरेचदा जातात. मिठाच्या पाण्यात बुडवायचा सल्ला कोणी दिला तर मनावर घेऊ नका, मिठाने या रंगांना काही होत नाही.

नौपाडेकर :
घासून पाहिलं, फडकं गुलाबी झालं. ताई म्हणतात, धुऊन पाणी नितळ यायला लागलं तरच ती साडी घेईन, नाहीतर पारव्याशेजारी बसायची नाही. तेव्हा वरून पारवा नक्की. आता अडलंय दोऱ्यावर. त्या पांढरा म्हणतात, मला राणी हवाय.