एक्लेसिया: मंडळी, ख्रिस्तसभा की चर्च?

अर्थशोधक: मत्तय १६:१८ मराठी पवित्र शास्त्रात ‘ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन’ असं आहे. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स आवृत्तीत तिथे ‘चर्च’ आहे आणि कॅथलिक मराठी लेखनात ‘ख्रिस्तसभा’ वाचायला मिळतं. मूळ ग्रीक शब्द एकच आहे ना? मग हा फरक भाषेचा की पंथाचा? आणि मराठीत लिहिताना कुठे काय वापरावं?

यावनी: मूळ शब्द एकच, एक्लेसिया. अर्थ सभा, तीही मुळात पार नागरी. अथेन्सच्या नागरिकांची सभा म्हणजे एक्लेसिया. हिब्रू शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरात ‘काहाल’ म्हणजे इस्राएलच्या समुदायासाठी बऱ्याच ठिकाणी हाच शब्द घेतला आणि तिथून तो नव्या करारात आला.

पडताळायचं तर प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ उघडा. इफिससमध्ये सोनारांनी दंगा केला, लोक नाट्यगृहात घुसले. त्या गर्दीला ३२ आणि ४१ व्या ओवीत एक्लेसियाच म्हटलंय आणि ३९ व्या ओवीत शहराच्या कायदेशीर सभेलाही. तिथे ‘चर्च’ लिहिणं कुणालाच शक्य नव्हतं, किंग जेम्सवाल्यांनीही ‘असेंब्ली’ लिहिलं.

‘चर्च’ हा शब्द एक्लेसियापासून आलेलाच नाही. तो ‘कुरिआकोन’ म्हणजे ‘प्रभूचं’ ह्या दुसऱ्या ग्रीक शब्दावरून जर्मानिक भाषांत शिरला. उलट पोर्तुगीज ‘इग्रेजा’ थेट एक्लेसियाची लेक, आणि कोकणीतली ‘इगर्ज’ तिची. म्हणजे वंशावळीने इगर्ज मुळाला जवळची, फक्त अर्थ इमारतीचा झालाय.

जुनी_छपाई: पंथाचा भाग इंग्लंडमध्ये सगळ्यात उघडा दिसतो. विल्यम टिंडल ह्या इंग्रज प्रोटेस्टंट सुधारकाने १५२६ साली जर्मनीतल्या वर्म्सला नवा करार इंग्रजीत छापला. त्यात एक्लेसियाला ‘काँग्रिगेशन’, प्रेस्ब्युतेरोसला (शब्दशः ‘वडील’) प्रीस्टऐवजी ‘सीनियर’ (१५३४ च्या सुधारणेत ‘एल्डर’), अगापेला ‘चॅरिटी’ऐवजी ‘लव्ह’. कॅथलिक विद्वान थॉमस मोरने १५२९ मध्ये नेमक्या ह्याच शब्दांवर बोट ठेवलं. त्याला व्याकरणाची चिंता नव्हती. ‘चर्च’ म्हटलं की पोप, बिशप, प्रीस्ट अशी उतरंड डोळ्यांपुढे येते. ‘काँग्रिगेशन’ म्हटलं की जमलेले लोक, बस. खडकावर काय रचलं गेलं ह्याचं उत्तरच बदलतं.

टिंडलचा प्रतिवाद झकास होता: तुमचा मित्र, विद्वान इरॅस्मस लॅटिनमध्ये ‘काँग्रेगातियो’ लिहितो, त्याला का नाही काही बोलत? आणि एक गंमत. टिंडलला ‘चर्च’ शब्दाचं वावडं नव्हतं. कृत्ये १४:१३ मध्ये झ्यूसच्या देवळासाठी त्याने तो वापरलाय. मूर्तिपूजकांच्या देवळाला चर्च आणि ख्रिस्ताच्या लोकांना काँग्रिगेशन! जर्मन सुधारक लूथरचंही तसंच, नव्या करारात तो एक्लेसियाला ‘गेमाइने’ (समुदाय) म्हणतो, ‘किर्शे’ (चर्च) नाही.

तर्कट: म्हणजे सुधारकांचं काँग्रिगेशन आणि बिशपांचं चर्च, असंच ना? शेवटी १६११ मध्ये बिशप जिंकले.

जुनी_छपाई: इतकं सरळ नाही, इथेच बहुतेक लेख घसरतात. १५३९ चं ग्रेट बायबल सरकारी हुकमाने इंग्लंडच्या देवळांत ठेवलेलं. त्यात ‘काँग्रिगेशन’ आहे. १५६० चं जिनिव्हा बायबल कॅल्व्हिनच्या गावात आश्रयाला असलेल्या कडव्या सुधारकांचं. त्यात ‘चर्च’. त्यांना ‘चर्च’ शब्दाची भीती नव्हती, तो आपल्या अर्थाने ताब्यात घ्यायचा होता. आणि १५६८ ची खुद्द बिशपांची आवृत्ती मत्तय १६:१८ ला ‘काँग्रिगेशन’ लिहिते, बाकी कितीतरी ठिकाणी ‘चर्च’.

हा घोळ मिटवायला किंग जेम्सच्या भाषांतरकारांना बिशप रिचर्ड बँक्रॉफ्टने घालून दिलेले १५ नियम मिळाले. तिसरा नियम: जुने चर्चचे शब्द राखावेत, उदाहरणार्थ ‘चर्च’चं ‘काँग्रिगेशन’ करू नये. सहावा नियम: हिब्रू-ग्रीक शब्दांच्या खुलाशाखेरीज समासात टिपा नकोत, कारण जिनिव्हाच्या टिपा राजाला बोचत होत्या. मात्र ‘प्रीस्ट’ परत आला नाही. याकोब ५:१४ मध्ये ‘एल्डर्स’च आहेत. १५८२ च्या ऱ्हीम्सच्या कॅथलिक भाषांतरात तिथे ‘प्रीस्ट्स’.

१६११ च्या प्रस्तावनेत त्यांनी दोन्ही बाजूंना टोले हाणलेत. ‘बॅप्टिझम’ऐवजी ‘वॉशिंग’ म्हणणारे प्युरिटन (कडवे सुधारक) एकीकडे, ‘अझाइम्स’, ‘होलोकॉस्ट्स’ असे न कळणारे शब्द ठेवणारे कॅथलिक दुसरीकडे.

यावनी: एक ठसठशीत नमुना. कृत्ये २०:१७ मध्ये पौल इफिससच्या वडिलांना बोलावतो आणि २०:२८ मध्ये त्याच माणसांना ‘एपिस्कोपोस’ म्हणजे ‘देखरेख करणारे’ म्हणतो. किंग जेम्समध्ये फिलिप्पै १:१ ला ह्याच शब्दाचं ‘बिशप’ होतं, पण इथे ‘ओव्हरसीअर्स’. इथेही बिशप लिहिलं असतं तर वडील आणि बिशप एकच असं साध्या वाचकालाही दिसलं असतं. मराठीत १ तीमथ्य ३ मध्ये ‘अध्यक्ष’ आहे, बिशप नाही.

पश्चात्तापी: मत्तय ३:२ पण बघा. जेरोमच्या लॅटिनमध्ये ‘पोएनितेन्तियाम आगिते’. ते पापक्षालनाच्या विधीसारखं वाचता येतं, ऱ्हीम्सने तसंच ‘डू पेनन्स’ केलं. इरॅस्मसने ‘रेसिपिस्किते’ म्हणजे ‘भानावर या’ असा पर्याय पुढे केला. त्रेंतच्या परिषदेने १५४६ मध्ये व्हल्गेट, म्हणजे जेरोमचं लॅटिन भाषांतर, प्रमाण ठरवल्यावर कॅथलिक भाषांतरं तिला धरून राहिली. मराठी ‘पश्चात्ताप करा’ ह्या भांडणाच्या बाहेर राहतो.

श्रीरामपुरी: ‘बाप्तिस्मा’ मात्र भांडणातूनच सुटला नाही. बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगालीत ‘बुडवणे’ अर्थाचा शब्द घातला. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने १८३० च्या दशकात अशा भाषांतराला पैसे नाकारले, कारण पाणी शिंपडून बाप्तिस्मा देणाऱ्या पंथांना ते चालेना. बाप्टिस्टांनी १८४० मध्ये वेगळी बायबल ट्रान्सलेशन सोसायटी काढली. लिप्यंतरित शब्द निष्पाप दिसतो, पण कुणाचीच बाजू न घेण्याची ती किंमत असते.

वसईकर: आता मूळ प्रश्नातला मराठी वापर. ‘मंडळी’ प्रोटेस्टंट मराठीत रुळलेला. ‘ख्रिस्तसभा’ कॅथलिक, जगभरच्या एकसंध संस्थेसाठी. ‘चर्च’ दोघांकडे, इमारत किंवा पंथाचं नाव म्हणून. प्रकटीकरण १:४ मधल्या सात मंडळ्यांना ‘सात चर्च’ केलं की वाचक सात इमारती मोजतो. ‘मंडळ्या’ हे अनेकवचन बाहेर फारसं ऐकू येत नाही, पण इथे तेच बरोबर.

अडचण उलटीही आहे. ‘मंडळी’ म्हटलं की आपल्याला नाटक मंडळी, घरची मंडळी, ‘काय मंडळी!’ आठवतात. कॅथलिक धर्मशिक्षणात ‘मंडळीची शिकवण’ लिहिलं तर ती कुठल्या मंडळींची, असा प्रश्न उठतो. तिथे ख्रिस्तसभाच हवी. पौलाच्या पत्रांवर लिहिताना मंडळी, रोमच्या अधिकाराबद्दल लिहिताना ख्रिस्तसभा, एवढं पाळलं तरी निम्मा गोंधळ टळतो.

अर्थशोधक: मराठी जुन्या करारातही ‘इस्राएलाची सर्व मंडळी’ आहे की!

यावनी: आहे, आणि किंग जेम्सने जो धागा तोडला (जुन्यात काँग्रिगेशन, नव्यात चर्च) तो मराठीत शाबूत राहिला. पण शोधताना जपून. जुन्या करारातल्या ‘मंडळी’मागे दर वेळी काहाल नसतो, कितीतरी ठिकाणी ‘एदा’ हा समुदायासाठीचा दुसरा हिब्रू शब्द असतो, आणि त्याचं ग्रीक बहुधा ‘सिनागोगे’ होतं. म्हणून मराठी शब्दसूचीवरून एक्लेसियाचा अर्थ काढू नका, ओवी ओवी मुळाशी ताडा.