मदत हवी आहे: व्हर्च्युअल मशिनवर कॉकपिट बसवलं, पण ब्राउझरमध्ये उघडतच नाही

तर्रीवाला

मंडळी, तीन रात्री घातल्या, आता शरण आलो.

नागपुरात माझ्या आतेभावाची अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची पोरं सकाळी सहापासून बसतात. ऑफिसातल्या विंडोज १० च्या डबड्यावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणारं सॉफ्टवेअर) एक लिनक्स मशिन चालतं, त्यावर सांबा (बाकीच्या पीसींना फोल्डर वाटून देणारी सेवा), आणि सांबावर जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ. पोरं बाकीच्या आठ पीसींवरून त्या वाचतात. हे मशिन आधीच्या एका माणसानं बसवलं होतं, तो नोकरी लागून बाहेरगावी गेला. त्यावर सेंटओएस ७ ही लिनक्स आहे, जिचे अपडेट ३० जून २०२४ ला बंद झाले. तेव्हापासून मी "पुढच्या महिन्यात बदलू" म्हणत होतो. आता एकदाचं अल्मालिनक्स ९ चं नवीन मशिन तयार करून राहिलो. मिनिमल, २ जीबी रॅम, २० जीबी डिस्क.

ब्राउझरचं खूळ काऊन, तर काकांसाठी. संध्याकाळी अभ्यासिकेत एक काका बसतात, निवृत्त माणूस, शिस्तीचे. सांबा बंद पडला की पोरं काकांकडे, काका माझ्याकडे. मी फोनवर कमांड सांगायचो. काकांनी ती शेवटी वहीत उतरवून घेतली, देवनागरीत. शब्दशः देतो:

"सुडो, जागा, सिस्टीम सीटीएल (मध्ये जागा नाही), जागा, रीस्टार्ट, जागा, एसएमबी. एंटर. पासवर्ड टाकताना दिसत नाही, घाबरू नये."

काळी खिडकी त्यांना आवडत नाही. बटण असेल तर दाबीन म्हणतात. म्हणून कॉकपिट, म्हणजे लिनक्स मशिन ब्राउझरमधून बटणांनी सांभाळायचं साधन. (खाली मीही कमांडी काकांच्याच पद्धतीनं लिहितो, टाइप करताना आपापलं पाहून घ्या.)

आतापर्यंत केलेलं: डीएनएफ इन्स्टॉल कॉकपिट. मग सिस्टीमसीटीएल एनेबल डॅश डॅश नाऊ कॉकपिट डॉट सॉकेट. एरर काही नाही. व्हर्च्युअल मशिनच्या आतच कर्ल डॅश के (काळ्या खिडकीतून वेबपान मागवायची कमांड) लावून लोकलहोस्टच्या, म्हणजे त्याच मशिनच्या, ९०९० पोर्टवर गेलो तर एचटीएमएल भसाभसा येतं. पण विंडोजच्या ब्राउझरमध्ये १०.०.२.१५, कोलन, ९०९० टाकलं की चाक फिरत राहतं आणि शेवटी वेळ संपली म्हणतं.

त्यात भर म्हणजे सिस्टीमसीटीएल स्टेटस कॉकपिट पाहिलं की कधी चालू, कधी "इनॅक्टिव्ह, डेड". मी आतापर्यंत तीसेक वेळा रीस्टार्ट केलं असेल. मशिन दोनदा पुसून परत बसवलं. कॉकपिटच खराब आहे का? त्याऐवजी वेबमिन टाकू का?

सावजी_शेल

फायरवॉल असंल भाऊ. सिस्टीमसीटीएल स्टॉप फायरवॉलडी मार आणि पाय. माह्या मशिनवर तर मी पयल्या दिवशीच बंद करून टाकतो, डोक्याला ताप नाही.

वर्धेकर_ताई

सावजी, असे सल्ले देऊ नका हो. आठ पीसींवर पोरं पेनड्राइव्ह लावणार आणि मधलं मशिन फायरवॉलशिवाय उघडं.

शिवाय अल्मा ९ मध्ये फायरवॉलच्या पब्लिक झोनमध्ये कॉकपिट मुळातच मोकळं असतं. तर्रीवाला, फायरवॉल-सीएमडी डॅश डॅश लिस्ट डॅश सर्व्हिसेस करून बघा. यादीत कॉकपिट, डीएचसीपीव्ही६-क्लायंट आणि एसएसएच दिसतील. दिसले तर फायरवॉलला हातही लावू नका.

"डेड" दिसतंय तो आजार नाही. कॉकपिट सॉकेटवर चालतं. ९०९० पोर्टवर सिस्टीमडी (सगळ्या सेवा चालू-बंद करणारा लिनक्सचा भाग) स्वतः कान देऊन बसलेलं असतं. कुणी आलं की ते कॉकपिटला उठवतं, काम संपलं की थोड्या वेळानं कॉकपिट परत झोपतं. तुम्ही कर्ल केलंत की ते जागं होतं, म्हणून कधी चालू आणि कधी मेलेलं. स्टेटस बघायचं तर कॉकपिट डॉट सॉकेटचं बघा. पुसून परत बसवायची काहीच गरज नव्हती.

खरी गोम तुमच्या पत्त्यात आहे. १०.०.२.१५ हा व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटचा, म्हणजे विंडोजच्या आड लपलेल्या खासगी जाळ्याचा, ठरलेला पत्ता.

तर्रीवाला

यादीत तिन्ही आहेत ताई, तुम्ही लिहिलेत तसेच. सॉकेटसुद्धा चालू दिसतं. म्हणजे दोन रात्री मी झोपलेल्याला उठवून पुन्हा झोपवत होतो.

पण नॅट असलं तर डीएनएफनं इंटरनेटवरून पॅकेज कसे आणले? नेट तर मस्त चालतं.

मुठेकाठचा

आतून बाहेर चालतं, बाहेरून आत नाही. तुमच्या नागपूरच्या भाषेत सांगायचं तर फ्लॅट स्कीमचा चौकीदार. राहणारा बाहेर जाताना चौकीदार त्याला ओळखून ठेवतो आणि त्याच्या नावानं आलेलं पार्सल त्याच्याकडे पाठवतो. पण रस्त्यावरून कुणी येऊन "आत कुणाकडे तरी जायचंय" म्हणालं तर तो गेट उघडत नाही. तुमची विंडोजसुद्धा त्याच्यासाठी रस्त्यावरचीच. तिला १०.०.२ हे जाळं माहीतच नाही, ती ते पाकीट राउटरकडे ढकलते आणि तिथून उत्तर येत नाही. चाक फिरत राहतं ते यामुळे.

एक सवय लावून घ्या. ब्राउझर पुष्कळ वेळ थांबून "वेळ संपली" म्हणाला तर बहुधा तुमचं पाकीट पोचलेलंच नसतं, म्हणजे नेटवर्क बघायचं. लगेच "कनेक्शन नाकारलं" आलं तर पाकीट मशिनपर्यंत पोचलं, पण त्या पोर्टवर कुणी बसलेलं नाही. मग सेवा बघायची. तुम्ही पहिल्या तऱ्हेच्या दुखण्यावर दुसऱ्या तऱ्हेचं औषध घेत होता.

उपाय दोन. मशिनवर फक्त त्या विंडोजवरूनच जायचं असेल तर नॅट राहू द्या आणि पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये होस्टचा (विंडोजचा) ९०९० पाहुण्याच्या (लिनक्सच्या) ९०९० ला जोडा, मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट. पण तुम्हाला सांबा आठ पीसींना द्यायचाय, म्हणजे ब्रिज्ड अडॅप्टरला (मशिन थेट ऑफिसच्याच जाळ्यात बसवणारी जोडणी) पर्याय नाही. जुन्या मशिनचं सेटिंग उघडून बघा, तिथे ब्रिज्डच असणार.

तर्रीवाला

होय, जुन्याचं ब्रिज्डच निघालं! नव्या मशिनला व्हर्च्युअलबॉक्स आपोआप नॅट देतो, हे ध्यानातच आलं नाही.

बदललं, पण मशिनला पत्ताच मिळेना. अर्धा तास गेला. मग दिसलं की ब्रिज्डखालच्या यादीत मी वाय-फायचं कार्ड निवडलं होतं, आणि ऑफिसचा पीसी चालतो केबलवर, वाय-फाय जोडलेलंही नाही. केबलचं कार्ड निवडलं, आत एनएमसीएलआय कॉन अप ईएनपी०एस३ केलं आणि १९२.१६८.१ चा पत्ता आला.

ब्राउझरनं आधी "हे ठिकाण सुरक्षित नाही" असा लाल इशारा दिला, तो ओलांडला, आणि कॉकपिटचं पान! पण रूटनं (मुख्य प्रशासकाच्या खात्यानं) आत घेत नाही. पासवर्ड बरोबर आहे, काळ्या खिडकीत तोच चालतो. कॅप्स लॉक पण पाहिलं.

वर्धेकर_ताई

लाल इशारा येणारच, प्रमाणपत्र मशिननं स्वतःच स्वतःला दिलेलं आहे. घरच्या जाळ्यात चालेल.

रूटचं म्हणाल तर ईटीसीमधल्या कॉकपिट फोल्डरात डिसअलाउड-युजर्स नावाची फाइल आहे, त्यात रूट लिहिलेलं असतं. ती ओळ काढली तर आत जाता येईल, पण काढू नका. आपल्या नावाचा वापरकर्ता व्हील गटात (प्रशासकाचे अधिकार घेऊ शकणाऱ्यांचा गट) घाला आणि त्यानं या. वरती "मर्यादित प्रवेश" अशा अर्थाचं बटण दिसेल, ते दाबून पुन्हा पासवर्ड दिला की प्रशासकाचे अधिकार मिळतात.

राउटरमध्ये या मशिनच्या मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) आयपी बांधून टाका, नाहीतर काकांचा बुकमार्क एक दिवस भलत्याच पीसीवर जाईल. आणि घरून बघायची हौस आली तरी राउटरवर ९०९० बाहेर उघडू नका. त्यासाठी वायरगार्डसारखं व्हीपीएन वापरा.

आता मला एक सांगा. काकांना व्हील गटात घालणार? मग सांबाच्या बटणासोबत मशिन बंद करण्याचं बटणही त्यांच्या हातात जातं, शिवाय कॉकपिटमध्ये टर्मिनलही असतं. आणि मुळात सांबा रोज बंद का पडतो? तो इतका पडत नाही हो.

तर्रीवाला

रोज नाही, पण उन्हाळ्यात जास्त. कूलर सुरू झाले की संध्याकाळी लाइन ट्रिप होते. यूपीएसची बॅटरी मागच्या मे महिन्यातच मेली, आतेभाऊ "घेऊ घेऊ" म्हणून राहिला. लाइट आली की काका पीसी चालू करतात, व्हर्च्युअल मशिन आपोआप उठतं, पण सांबा रुसलेलाच असतो.

मुठेकाठचा

रुसलेला नाही, त्याला कुणी बोलावलंच नाही. जुन्या मशिनवर सिस्टीमसीटीएल इज-एनेबल्ड एसएमबी करा आणि काय येतं ते इथे टाका.

तर्रीवाला

"डिसेबल्ड".

मुठेकाठचा

वाटलंच. बसवणाऱ्यानं तेव्हा स्टार्ट केलं, एनेबल करायचं राहिलं. स्टार्ट म्हणजे आत्ता चालू, एनेबल म्हणजे मशिन उठताना दर वेळी चालू. आणि रीस्टार्ट ही कमांड बंद असलेल्या सेवेलाही चालू करते, त्यामुळे काकांची वही दर वेळी यशस्वी व्हायची आणि कुणाला शंका आली नाही.

नव्या मशिनवर कॉकपिटमध्ये सर्व्हिसेसच्या पानावर एसएमबी शोधा. तिथला खटका सरकवला की स्टार्ट आणि एनेबल दोन्ही एकदम होतं. मात्र सांबाचं दार फायरवॉलमध्ये कॉकपिटसारखं आपोआप उघडं नसतं. नेटवर्किंगच्या पानावर फायरवॉलमध्ये जाऊन सांबा जोडा.

सावजी_शेल

किंवा फायरवॉल बं… बरं राहू द्या, जोडा बाप्पा.

तर्रीवाला

शेवटचा अपडेट. खटका सरकवला, फायरवॉलमध्ये सांबा जोडला. तरी पीसींवरून फोल्डर उघडेना, तेव्हा कळलं की पीडीएफ मी एसआरव्ही फोल्डरखाली ठेवल्या होत्या आणि एसईलिनक्स (कोणत्या सेवेनं कुठल्या फाइलला हात लावायचा ते ठरवणारा लिनक्सचा पहारा) सांबाला तिथं हात लावू देत नव्हतं. सेमॅनेज एफकॉन्टेक्स्टनं त्या फोल्डरला सांबा_शेअर_टी ची खूण लावली, रिस्टोरकॉन फिरवलं, मिटलं. ते तुमच्याकडे न येता सापडलं, एवढी तरी इज्जत राहिली.

मग आतेभावाला समोर उभं करून मेन स्विच पाडला. (तो ओरडला. त्याशिवाय यूपीएस येणार नव्हता.) पीसी उठला, मशिन उठलं, सांबा उठला, आठही पीसींवर प्रश्नपत्रिका. कुणीच काही टाइप केलं नाही.

काकांना व्हीलमध्ये घातलं नाही. साधा वापरकर्ता दिला, आत जाऊन आलेख पाहता येतात तेवढंच. त्यांना प्रोसेसरचा आलेख आवडला, "ईसीजी बरा दिसतो" म्हणाले. मग वही उघडून जुन्या कमांडवर पट्टीनं सरळ काट मारली आणि खाली लिहिलं: "लाइट आल्यावर पीसी चालू करणे. पाच मिनिटे थांबणे. काहीही दाबू नये."

वर्धेकर_ताई

वहीच्या त्या पानाचा फोटो टाका. आमच्या ऑफिसात लावायचा आहे.